गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलावं का? माझं मत: जरूर बदलावं

खळ्यातला माणूस, पावस (धागा सुरू करणारे)

मिरग लागायच्या आधी गाडीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर घरच्या खळ्यात बदलून घेतला. हे चौथं वर्ष. वाडीतल्या दोघांनी विचारलं, "कशाला हा उपद्व्याप? गॅरेजं काय ओस पडली?" म्हणून इथे सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी गाडी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकली होती. आधीच मनात शंका होती, म्हणून फिल्टरच्या बुडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला. गाडी परत आली, बिलात नवीन फिल्टर लावलेला, आणि खाली वाकून बघतो तर माझाच ठिपका! शिवाय ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल खाली सोडायचा बोल्ट) हवेच्या गनने इतका आवळलेला, की पुढच्या वेळी उघडताना इंजिनाखालच्या ऑइल पॅनच्या ॲल्युमिनियमचे आटेच बोल्टाबरोबर बाहेर आले. पॅन बदलावा लागला. तेव्हाच ठरवलं, हे काम आपल्या हाताने.

पुढची चाकं रॅम्पवर घ्यायची, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं पण भाजत नाही. बोल्टाचे शेवटचे दोन आटे हाताने सोडवायचे आणि सोडवताना बोल्ट वर दाबून धरायचा, नाहीतर ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. आधी जाड धार, मग दोरा, मग थेंब. घाई करू नये.

फिल्टर काढला की जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. बोल्टाला वॉशर दर वेळी नवा. माझ्या गाडीला ३.१ लिटर लागतं. भरून, दोन मिनिटं चालवून, थांबून मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची.

दीड तासाचं काम. आत काय गेलंय याची खात्री पैसे मोजून मिळत नाही.

गॅरेजवाला, हातखंबा

तुमच्याशी झालं ते वाईटच झालं. आमच्या धंद्यात अशी माणसं आहेत, मान्य. पण तुमच्या मताला माझा विरोध आहे.

ऑइल बदलणं हे निमित्त असतं. गाडी लिफ्टवर चढली की आम्ही खालून सगळं बघतो. समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे ब्रेकचे पाइप क्लिपखाली गंजतात. वरून काही दिसत नाही, बोटाने खरवडलं की पापुद्रा निघतो. ॲक्सलचा रबरी बूट फाटलेला असतो, त्यातून लाल माती आत जाते. रॅम्पवर मागची चाकं जमिनीवरच असतात, तिथे तुमची नजर पोचत नाही. असे पाइप घेऊन आंबा घाट उतरणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात.

आणि वॉरंटीतल्या गाडीचं ऑइल घरी बदललंत, तर उद्या इंजिनाचं काही निघाल्यावर दाखवायला कागद नको?

चाकरमानी, सध्या ठाणे

माझी गाडी गावी लांज्याला असते, वर्षाला जेमतेम २,००० किलोमीटर. गणपती आणि शिमगा, एरवी भाऊ बाजारापर्यंत नेतो. कंपनी १०,००० म्हणते, मग पाच वर्षं चालेल ना?

गॅरेजवाला, हातखंबा

नाही हो. पुस्तकात पुढे "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असतं, ते वाचा. बाजारापुरती गाडी पुरती तापत नाही. जळणातून तयार होणारी वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ साय धरलेली दिसेल. तेवढी साय लांब पल्ल्याला नेली की जाते. पण डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं, किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर गाडी सुरू न करता कळवा.

विहिरीवरची, देवगड

मला गाडीतलं कळत नाही, पण एक विचारायचं आहे. दादा, चार वर्षांत तुमच्या गाडीतून बारा लिटर काळं ऑइल निघालं. ते कुठे आहे?

कारण सांगते. आमच्या घराच्या वरच्या अंगाला एकाने सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, टेम्पोचं ऑइल बदललं आणि काळं ऑइल चिऱ्याच्या खाणीतल्या खड्ड्यात ओतलं. उन्हाळ्यात काही कळलं नाही. पहिला मोठा पाऊस झाला, आठवड्याने आमच्या विहिरीवर तवंग. कळशी वर आली की काठाला मोरपंखी कडा दिसायची. भाताला रॉकेलसारखा वास. विहीर दोनदा उपसली, तरी तवंग येतच राहिला. आई आणि मी ते अख्खं वर्ष खालच्या वाडीतून पाणी वाहिलं.

आपला जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. वर ओतलेलं तिथेच राहत नाही, पाण्याबरोबर भेगांतून खाली उतरतं. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि कॅन्सरला कारण होणारी रसायनं असतात. ते २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. ज्याच्याकडे ते नीट द्यायची सोय नाही, त्याने घरी बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

खळ्यातला माणूस, पावस

ताई, खरं तेच सांगतो. पहिल्या दोन वर्षांचं ऑइल गोठ्याच्या वाशांना आणि कुंपणाच्या खुंटांना लावलं, वाळवीसाठी. आमच्याकडे सगळेच लावतात. नंतरचं सहा लिटर दोन डब्यांत पडवीत आहे. जमिनीवर थेंब ओतलेला नाही.

खाडीकाठचा, मिरकरवाडा

गाडीवाल्यांच्या तीन लिटरवर एवढी चर्चा, आणि आमच्या ट्रॉलरच्या इंजिनातून एका वेळी पंधरा-वीस लिटर निघतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. काही जण जपून बॅरलमध्ये साठवतात, काहींचं बोटीच्या तळातल्या पाण्याबरोबर बाहेर जातं. मासा ज्या पाण्यातून काढायचा, त्याच पाण्यात. हे मलाच सहन होत नाही.

वाशांचं म्हणाल, तर आमचे आजोबा होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. वाळवीला तेही चालतं. अंगाला मात्र लागू देऊ नका, कातडी भाजते.

विहिरीवरची, देवगड

दादा, खुंटांवरचंही पावसाने धुऊन मातीतच जातं. गोठ्यात तर गुरं वाशाला अंग घासतात. पण खरं सांगितलंत, बरं वाटलं.

गॅरेजवाले काका, तुमचं ऑइल कुठे जातं?

गॅरेजवाला, हातखंबा

२१० लिटरचा बॅरल आहे. भरला की एक जण रोख देऊन घेऊन जातो. तो पुढे कुठे नेतो, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

विहिरीवरची, देवगड

मग विचारा ना. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. गोळा करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर ते एखाद्या भट्टीत जळत असणार.

खळ्यातला माणूस, पावस

माझं मत तसंच आहे, बोल्ट मी माझ्या हातानेच आवळणार. पण ताईंचं एक मान्य, डबा कुठे जाणार हे ठरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. वाशांना पुन्हा लावणार नाही.

गॅरेजवाला, हातखंबा

आज तो माणूस आला होता. कागद मागितला, त्याच्याकडे नव्हता. बॅरल दिला नाही. नोंदणीवाला शोधतोय, मिळाला की इथेच लिहीन. पावसवाले, तुमचे दोन डबे तोवर घेऊन या, बॅरलमध्ये जागा आहे. येताना गाडीही आणा, लिफ्टवर घेऊन मागचे ब्रेक पाइप बघून देतो.