मदत हवी आहे: सांदवाडीतला लाकडी माचा पावसाआधी दुरुस्त करायचाय, बजेट ४० हजार

राजेहो, जरा सल्ला पाहिजे.

नागपूरच्या नरेंद्रनगरात आमचं बैठं घर आहे, मागे सांदवाडी, म्हणजे परसदार. स्वयंपाकघराच्या दाराला लागून १२ बाय १० फुटांचा लाकडी माचा, जमिनीपासून दीड फूट उंच. हल्ली लोक डेक म्हणतात, आमच्याकडे माचाच. २००८ मध्ये महालातलं आजोबांचं घर पाडलं, तेव्हा निघालेल्या सागवानी तुळया बाबांनी चिरून आणल्या आणि सुताराच्या जोडीने स्वतः ठोकला. संध्याकाळचा चहा, आईचे वाळवणाचे सरगुंडे आणि वड्या, पोरांचा अभ्यास, पोरांची भांडणं, सगळं तिथेच.

गेल्या रविवारी आईचा पाय फळीतून आरपार गेला. फार लागलं नाही, पण चप्पल आतच राहिली. ती काढायला मी आडवा झालो, टॉर्च मारला आणि पोटात गोळाच आला. खिडकीचा कूलर माच्यावरच्याच लोखंडी स्टँडवर आहे. त्याचं पाणी वर्षानुवर्षं थेंबथेंब फळ्यांवर ठिबकतंय. वरून फळ्या शाबूत, रंगसुद्धा आहे. खालून चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या. त्या कोपऱ्यातल्या खांबावर उधईची (वाळवीची) मातीची नळी वीतभर वर चढलेली. पेचकस टोचून पाहिलं: २४ फळ्यांपैकी ९ गेल्यात, बाकीच्यांत पेचकस शिरत नाही. शिवाय संत्र्याच्या झाडाकडचा कोपरा खचलाय. गोटी ठेवली की तिकडेच पळते, धाकट्याला तो खेळच झालाय.

एकाने सगळं काढून डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेले) बोर्ड टाकायचे ९५ हजार सांगितले. दुसरा म्हणतो मुरूम भरून कोटा फरशी टाका, ४८ हजार. सुतार म्हणतो लाकूड तुम्ही आणा, मी रोजावर येतो. लकडगंजला जुन्या सागवानाचा भाव ३ हजार रुपये घनफूट मिळाला. सहा इंच रुंद, दहा फूट लांब, इंचभर जाड अशा ९ फळ्या म्हणजे पावणेचार घनफूट, घट धरून साडेचार. साडेतेरा हजार नुसत्या लाकडाचे.

घरात दोन पार्ट्या. आई आणि सौ. कोटा फरशीच्या बाजूने, बाबा सागवानाच्या. बाबा वाद घालत नाहीत, फक्त रोज सकाळी जाऊन उरलेल्या फळ्यांवर बसतात. मुलीला नुसता रंग द्यायचाय. मी मधे.

तर, वाचवावा की काढावा? खचलेला कोपरा कसा उचलायचा? आणि वर लावायचं काय? व्हार्निश एका उन्हाळ्यात पापडासारखं उडतं. उधईचं औषध पोरं खेळतात तिथे मारावं का, हेही कळत नाही.

प्रतिसाद १ (नागपूर, सुतारकाम घरचंच)

दादा, कूलर भिंतीला लागून आहे ना? मग ९ फळ्या भिंतीकडच्या टोकालाच कुजल्या असतील. अख्खी फळी काहून फेकता? फळी काढा, टोचत टोचत जा, लाकूड जिथे कडक लागेल त्याच्या पुढे कापा. काप मात्र आडव्या दांडीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे आणि दांडीला बाजूने एक जोड दांडी ठोका, म्हणजे दोन्ही तुकड्यांना बूड मिळतं. तीन-तीन फूट बदलावं लागलं तर सव्वा घनफूट लाकडात भागतं.

चांगल्या फळ्या उलटून लावा. खालची बाजू उन्हात तापलेली नसते, रंध्याचे दोन हात मारले की नवीन दिसते. आधी जुने खिळे सगळे काढा, नाहीतर रंधा मशीनची पाती जाते. परत बसवताना खिळे नकोत, स्टेनलेसचे स्क्रू. दोन फळ्यांत जाड खिळा उभा राहील एवढी फट. तुमच्या बाबांनी फट ठेवली नसेल, त्या वेळी कुणीच ठेवत नव्हतं.

प्रतिसाद २ (वर्धा)

थांबा, कोपरा खचला हे कशावरून? आपली माती काळी. एप्रिलात सुकून आकसते, पावसात फुगून वर येते. आत्ता सगळं अंगण खाली बसलेलं आहे, फक्त कूलरखालची माती उन्हाळाभर ओली. मला तर वाटते तुमचा संत्र्याकडचा कोपरा खाली गेला नाही, कूलरचा वर आला. पारदर्शक नळीत पाणी भरून उंबरठ्यापासून माप घ्या. न मापता आत्ता पाचर मारून लेव्हल केलं तर श्रावणात गोटी उलटी पळेल.

खांबाची मुळं मातीत ठेवू नका. मुरूम लागेपर्यंत खड्डा, त्यात काँक्रीट, वर लोखंडी बूट, त्यात खांब. मातीपासून वीतभर उंच राहिला की उधईची नळी चढतानाच दिसते, झाडूने पाडता येते. सागवानाचा गाभा ती सहसा खात नाही, पांढरा भाग खाते. औषध मारायचंच असेल तर खड्ड्याच्या मातीत, माहीतगार माणसाकडून, आणि फळ्या उघड्या आहेत तेव्हाच. कूलरचं स्टँड जमिनीवर घ्या, भरलेल्या टाकीचं वजन माच्याने का सोसावं?

प्रतिसाद ३ (नागपूर)

डब्ल्यूपीसी माझ्या गच्चीत आहे. मे महिन्यात दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा, पैज लावतो. व्हार्निशचा थर लाकडाबरोबर हलत नाही म्हणून उडतो. उकळलेलं जवसाचं तेल थोडं टर्पेंटाइन घालून सकाळी, फळ्या गार असताना लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. वर्षातून एकदा पुरे.

एक महत्त्वाचं. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, बोळा आपोआप पेटतो, आणि आपल्याकडे ४४ डिग्री. बादलीत पाण्यात बुडवून ठेवा.

प्रतिसाद ४ (अमरावती)

फळ्या उचलण्याआधी काठीने आवाज करा. दीड फुटाची सावली आणि कूलरचा ओलावा, तिथे एखादा बुवा राहतच असेल. सर्पमित्राचा नंबर जवळ ठेवा. आणि आईंना सांगा, कोटा फरशीवर सरगुंडे लवकर वाळतील हे खरं, पण ते उचलायला जायचं कुणी?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वर्ध्याच्या भाऊंचं बरोबर निघालं. ६० रुपयांची नळी आणून काल मुलीसोबत मापलं. कूलरकडचा खांब सव्वा इंच वर आलाय, संत्र्याकडचा जेमतेम अर्धा इंच खाली. इतकी वर्षं आम्ही चुकीच्या कोपऱ्याला शिव्या देत होतो.

पाच फळ्या उघडल्या. कूज खरंच भिंतीपासून अडीच-तीन फुटांतच आहे. बुवा नव्हता, आईची चप्पल आणि तीन चेंडू होते. दीड घनफूट लाकूड, सुताराचे तीन रोज, काँक्रीट, बूट, स्क्रू, तेल धरून सौ.ने वहीत २३ हजार काढलेत. ती पार्टी बदलेल असं दिसतंय, आईचं अजून ठरत नाही. बाबांनी काल स्वतः दोन डझन खिळे उपटले आणि सरळ करून डब्यात ठेवले. ते वापरायचे नाहीत हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलंच. कूलरचं पाणी आता पाइपने बाहेर काढायचंय आणि सगळ्यात सोपं म्हणजे ते संत्र्याच्या आळ्यात सोडणं. पण पाणी बोरचं आहे, कूलरच्या जाळ्यांवर पांढरा खरपूडा बसतो. झाडाला बाधेल का? कुणी केलंय असं?