"पसारा आवर" नको, "लाल गाडी डब्यात टाक" म्हणा

सव्वादोन वर्षांचा मुलगा "पसारा आवर" म्हटलं की पळतो, असं एका ताईंनी लिहिलंय. पळणारच! पसारा म्हणजे नेमकं काय, हे त्याला कुठून कळणार? "लाल गाडी डब्यात टाक" हे कळतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा.

आमचं ऐरोलीतलं वन बीएचके, हॉलमध्ये पाऊल टाकलं की पायाखाली ठोकळा. (अंधारात टोचला की ब्रह्मांड आठवतं.) शेवटी निम्मी खेळणी माळ्यावर टाकली, पंधरा दिवसांनी अदलाबदल. उरलेल्यांसाठी श्रीखंडाचे किलोचे रिकामे डबे, प्रत्येकावर आतल्या खेळण्याचा फोटो चिकटवलेला. लेकीला ठोकळे आत पडतानाचा खडखडाट इतका आवडला की भरलेला डबा ओतून पुन्हा भरायला बसायची. अर्धा तास जायचा, जाऊ दिला.

सासूबाई मात्र "राहू दे गं, लहान आहे" म्हणत सगळं स्वतःच उचलायच्या. मग त्यांनाच खेळात घेतलं: एक आजीने उचलायचं, एक नातीने.

आणि खाऊचं आमिष नकोच. आमच्याकडे एका बेदाण्यापासून सुरू झालेला भाव आठवड्यात मूठभर बेदाण्यांवर गेला होता.