पर्वरी-ताळगावच्या खांबांवरच्या इमारती भूकंप सोसतील का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत गोवा झोन 3 मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. तरी आपल्या नव्या इमारती बघा: तळाला गाड्यांसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले चार-पाच मजले. जमीन हलली की वरचा भाग एकसंध सरकतो आणि सगळा मार तळच्या खांबांना बसतो. 2001 च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या. जपानने 1981 मध्ये नियम कडक केले आणि 1995 ला कोबेत त्यानंतरच्या इमारतींनी जुन्यांपेक्षा खूप चांगला टिकाव धरला. इमारत वाकली, तडकली तरी चालेल, आतली माणसं जिवंत बाहेर पडली पाहिजेत. इथेही तसंच बांधायला हवं.

डिचोलीची माई
अजिबात पटलं नाही. आमचं चिऱ्याचं घर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाआधीचं, आजही उभं आहे. जपानला धक्के रोजचे, आपल्याला नाहीत. फ्लॅट आधीच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेत, त्यात हा खर्च कशाला? पावसात दरडी कोसळतात, आधी त्यांचं बघा.

ओळंबा
माई, किल्लारीचा भाग 1993 च्या भूकंपावेळी सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या, हजारो गेली. घर आजवर उभं राहिलं हा पुरावा होत नाही. दरडींचं म्हणणं मान्य.
धागाकर्त्यांशी मात्र माझा वाद आहे. नुसती लवचीकता वाचवत नाही. 1985 ला मेक्सिको सिटीत भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर लांब होतं. तरी जुन्या तळ्याच्या मऊ गाळावरच्या मध्यम उंचीच्या इमारती जास्त पडल्या, कारण गाळाची आणि त्यांची डोलण्याची लय जुळली. आपल्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल चिखलट जमिनीत, भराव घालून बांधतात. तिथे आधी माती तपासा, मग जपानचं बोला.

मांडवीकाठ
मातीचं पटलं. पण माई, खर्चाचं नाही. इमारतीखाली हादरा वर कमी पोचवणारी रबरी बेअरिंग बसवा असं मी म्हणत नाही. भूजचं नवं रुग्णालय तसं बांधलंय, ते रुग्णालयाला शोभतं. मला हवंय ते साधं आहे. खांबाच्या दोन्ही टोकांना उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ, त्यांची टोकं आकड्यासारखी (हुकासारखी) 135 अंशांत आत वळवलेली, आणि तळमजल्यावर दोन्ही दिशांना काँक्रीटच्या थोड्या सलग भिंती. आकडा 90 अंशांवर सोडला तर हादऱ्यात रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब चिरडतो. वळवायला सळया बांधणाऱ्या फिटरला काही क्षण लागतात!

डिचोलीची माई
मग ते बघणार कोण? काणकोणला 2014 साली बांधकाम चालू असतानाच इमारत कोसळली, मजूर मेले. तिथे कुठे भूकंप झाला होता?

ओळंबा
माई, हा मुद्दा खरा. काँक्रीट ओतल्यावर रिंग दिसत नाही. म्हणून प्रत्येक ओतकामाआधी बिल्डरशी संबंध नसलेल्या इंजिनियरने सळया पाहून सही करावी, आणि ते फोटो फ्लॅट घेणाऱ्याला मिळावेत.

मांडवीकाठ
सहमत. त्यात मातीच्या तपासणीचा अहवालही जोडा.