सेल्फ दाबल्यावर फक्त ‘टक्’ आवाज येतो. नवी बॅटरी बसवूनही जुनी मोटरसायकल सेल्फवर सुरू होत नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे कार्ब्युरेटर असलेली, एक सिलिंडरची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली जुनी मोटरसायकल आहे. इंजिन थंड असताना सेल्फचे बटण दाबले की रिलेमधून (बटण दाबल्यावर बॅटरीची वीज सेल्फ मोटरला जोडणाऱ्या स्विचमधून) एकच ‘टक्’ असा आवाज येतो, आणि कधी इंजिन अगदी जड, रेंगाळत फिरते, तर कधी फिरतच नाही. किक मारली तर मात्र गाडी लगेच सुरू होते आणि नंतर चालतेही व्यवस्थित. बॅटरी नवी आहे आणि गाडी बंद असताना मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात. सेल्फ दाबल्यावर न्यूट्रलचा दिवा बराच मंदावतो, पण त्याच वेळी ब्रेक दाबून धरला तर मागचा ब्रेकलाइट जवळजवळ तसाच राहतो. काही दिवसांपूर्वी चेसिसला नवा रंग दिला आहे. मला सेल्फ मोटर आणि रिले दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु दोष नक्की कोठे आहे हे कळल्याशिवाय सुटे भाग विकत घेण्याची माझी इच्छा नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर १

आपण सुटे भाग घेण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले झाले, कारण आपल्या वर्णनातच अर्धी तपासणी होऊन गेली आहे. किकवर गाडी लगेच सुरू होते, म्हणजे प्लग, इग्निशन आणि पेट्रोलपुरवठा यांकडे आत्ता पाहण्याची गरज नाही. रिलेचा ‘टक्’ आवाज येतो, म्हणजे सेल्फचे बटण, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच आणि त्यांच्या बारीक तारा रिलेच्या कॉइलपर्यंत वीज पोहोचवत आहेत. उरतो तो जाड केबलचा मार्ग: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून रिलेमार्गे मोटरपर्यंत, आणि मोटरच्या बॉडीपासून इंजिन व चेसिसमार्गे पुन्हा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. हा परतीचा मार्ग लोक नेहमी विसरतात.

गाडी बंद असतानाचे १२.७ व्होल्ट बॅटरी भरलेली असल्याचे सांगतात, परंतु ती भाराखाली टिकते की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे सगळी मोजमापे सेल्फ दाबून धरलेला असतानाच घ्यावीत. त्या वेळी इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढा, तिच्यात जादा प्लग बसवा आणि त्या प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवून ठेवा. कॅप नुसती लोंबकळत ठेवल्यास काही गाड्यांच्या इग्निशन युनिटला इजा होऊ शकते. पेट्रोलचा वास येत असेल तर हे काम करू नका. गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या, बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये मोटरला थंड होण्यास वेळ द्या.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवून चार मोजमापे घ्या. पहिले, थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर; मीटरच्या टोका केबलच्या लगवर (केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीवर) नव्हे, बॅटरीच्या शिशावरच टेकवाव्यात. येथे साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरण होत असेल तर नवी असली तरी बॅटरीवर संशय घ्यावा. दुसरे, मोटरचे टर्मिनल आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये. तिसरे, बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि मोटरचे टर्मिनल यांच्यामध्ये. चौथे, मोटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये. शेवटच्या दोन ठिकाणी जे व्होल्ट दिसतील ते वाटेतच वाया गेलेले व्होल्ट होत. दोन्हीकडे ते अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवेत.

कोणी ओहमवर मोजायला सांगितले तर त्या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मोटर ५० अँपिअर घेत असेल तर ०.०५ ओहमचा सांधासुद्धा अडीच व्होल्ट खातो, आणि साध्या मल्टिमीटरच्या नुसत्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून असा सांधा ओहमवर निर्दोष दिसतो आणि भाराखाली मात्र उघडा पडतो.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. बॅटरीवर ११.२, मोटरवर ८.१, पॉझिटिव्ह बाजूला ०.३ आणि निगेटिव्ह बाजूला २.८ व्होल्ट आले. इंजिन फिरताना आकडे थोडे हलत होते, म्हणून स्थिर वाटलेला आकडा घेतला.

उत्तर १

८.१, ०.३ आणि २.८ यांची बेरीज ११.२ होते, म्हणजे मोजमाप बरोबर झाले आहे. बॅटरी चांगली आहे, रिले आणि पॉझिटिव्ह केबलही चांगली आहे. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या मार्गात आहे. आपण नोंदवलेल्या दिव्यांच्या फरकाचे कारणही हेच दिसते. न्यूट्रलच्या दिव्याची अर्थिंग न्यूट्रल स्विचमधून म्हणजे इंजिनमधून मिळते, आणि ब्रेकलाइटची बहुतेक गाड्यांत चेसिसमधून. एक मंदावतो आणि दुसरा टिकतो, तेव्हा बॅटरीपासून चेसिसपर्यंतचा सांधा ठीक असून चेसिस आणि इंजिन यांच्यामधला सांधा बिघडलेला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. रंग लावताना इंजिनच्या माउंटिंगखाली (इंजिन चेसिसला बोल्टने बसते त्या जागी) आणि अर्थ वायरच्या लगखालीही रंग बसला असावा.

तरीही अंदाजावर थांबू नका. मीटरची काळी टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर स्थिर ठेवा आणि सेल्फ दाबत लाल टोक क्रमाने केबलच्या लगवर, चेसिसच्या उघड्या धातूवर, इंजिनवर आणि शेवटी मोटरच्या बॉडीवर टेकवा. जेथे आकडा एकदम उडी घेतो, त्याच्या अलीकडचा सांधा दोषी. तो उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि आवळून झाल्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा.

उत्तर २

वरील निदानाशी मी सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर थोडे वेगळे मत मांडतो. मोटर कमी व्होल्टवर रेंगाळत किंवा अडून राहते तेव्हा कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्या, ज्यांवर घासून ब्रश वीज पोहोचवतात) विनाकारण तापतात, त्यामुळे हा दोष बराच काळ असेल तर अर्थिंग दुरुस्त झाल्यावर मोटर एकदा उघडून पाहणे मला आवश्यक वाटते. ब्रश मॅन्युअलमधील किमान लांबीपेक्षा झिजले नसतील आणि कम्युटेटरच्या पट्ट्यांवर जळाल्याच्या खुणा नसतील, तर मोटर बदलण्याचे कारण उरत नाही.

रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. ठिणगी मोठी पडते, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी घेते.

प्रश्नकर्ता

उडी चेसिस आणि इंजिन यांच्यामध्येच होती. माउंटिंगखालचा रंग घासून काढला आणि इंजिनपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी जाड केबलही टाकली. आता मोटरवर १०.३ व्होल्ट मिळतात, निगेटिव्ह बाजूला ०.२ आणि पॉझिटिव्ह बाजूला ०.४ दिसतात, आणि थंड इंजिन सेल्फवर जोमाने फिरते. एक शंका आहे. बॅटरीवरचा आकडा पूर्वी ११.२ होता, तो आता १०.९ झाला आहे. बॅटरी कमजोर होत आहे का?

उत्तर १

नाही. पूर्वी खराब सांधा करंट अडवत होता, त्यामुळे बॅटरीवर भार कमी पडत होता आणि तिचे व्होल्ट जास्त दिसत होते. आता मोटर हवा तेवढा करंट घेते, म्हणून बॅटरी थोडी जास्त खाली येते आणि पॉझिटिव्ह बाजूचा आकडाही ०.३ वरून ०.४ वर जातो. इंजिन सुरू करून मध्यम वेगावर बॅटरीवरचे व्होल्ट तेवढे पाहून घ्या. ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असतील तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट मर्यादेत ठेवणारा भाग) तपासावा लागेल, नाहीतर नवी बॅटरी लवकर खराब होईल.