मदत हवी आहे: डिव्हिजन वन की थ्री? (पोहणे, अमेरिका)

न्यूजर्सीकर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. माझ्या लेकराला कॉलेजच्या पोहण्याच्या संघात जागा मिळवून द्यायला एक रिक्रूटिंगवाले ३००० डॉलर मागतायत, डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट, थ्री सगळ्यात खालचा) 'नक्की बसवतो' म्हणतात. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. क्लबचे कोच नुसतं 'बघू' म्हणतात. १०० फ्री (फ्रीस्टाइल) ५५.८ सेकंद, २०० फ्री २:०१ मिनिटं. झेपेल का? अनुभव असलेल्यांनीच सांगा प्लीज.

ओहायोवासी
मुलगा की मुलगी? कितवीत? आणि यार्डात की मीटरमध्ये? १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मुलीचे ५५.८ लाँग कोर्स मीटरमधले (५० मीटरच्या तलावातले) असतील तर ती ऑलिंपिक ट्रायल्सच्या आसपास आहे, कोच स्वतःच तुम्हाला शोधत येतील.

सदाशिव_पेठ
इतका खर्च कशाला? आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. माझा पुतण्या टिळक तलावावरच शिकला.

न्यूजर्सीकर
अहो काका, आम्ही इथेच राहतो, ती इथेच जन्मली. मुलगी आहे, यार्ड. सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल.

टेक्सासचा_बाबा
डिव्हिजन वन सोडू नका. वॉक-ऑन म्हणून (स्कॉलरशिपशिवाय) घुसायचं, मग वेळ सुधारते. माझ्या भाच्याने तेच केलं.

ओहायोवासी
भाच्याने कधी केलं? २०२५च्या हाऊस खटल्यातल्या (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याचा खटला) तडजोडीनंतर, ती मान्य केलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांत पोहणाऱ्या आणि डायव्हिंगच्या मुली मिळून एका संघात ३०च जागा. वॉक-ऑनची दारं तिथे अरुंद झाली आहेत. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, जुन्या माहितीवर सल्ला देऊ नका.

टेक्सासचा_बाबा
२०१९ला. पण जिद्द लागते, हे तरी खरं ना?

ओहायोवासी
जिद्द लागतेच. पण पातळी ठरवायला घड्याळ लागतं. ताई, असं करा. आवडलेलं कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये (आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) आहे, तिच्या फेब्रुवारीतल्या अंतिम स्पर्धेचा निकाल काढा, सगळे ऑनलाइन असतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या १६ जणींना गुण मिळतात. लेक त्या १६त बसते का बघा. मग त्या संघात १०० फ्री पोहणाऱ्या किती जणी यंदा पदवी घेऊन बाहेर पडतायत ते मोजा, कारण कोचला ४ जणींची रिले भरायची असते. एवढं तुम्ही एका संध्याकाळी फुकट करू शकता. माझ्या मते ५५.८ मोठ्या डिव्हिजन वन संघांना पुरणार नाही, डिव्हिजन थ्रीत मात्र बऱ्याच ठिकाणी हवीशी असेल.

ठाणे_टू_बोस्टन
पण डिव्हिजन थ्रीत स्कॉलरशिप नसते! मग काय उपयोग?

ओहायोवासी
खेळाची नसते. गुणवत्तेची आणि घरच्या उत्पन्नानुसार मिळणारी मदत असते. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) तर डिव्हिजन वन आहे, तिथेही खेळाची नसतेच. आणि थ्रीला कमी लेखू नका. आमच्या ओहायोतल्या केन्यन कॉलेजच्या मुलांनी १९८० ते २०१० अशी सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. माझा मुलगा थ्रीतच चार वर्षं पोहला, सोबत केमिस्ट्री केली. पहाटे पाचला ओले केस घेऊन हिमात गाडीत बसायचा, तरी एकदाही 'सोडतो' म्हणाला नाही.

सदाशिव_पेठ
आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१०च्या एशियाडमध्ये ब्राँझ आणलं. कोणती डिव्हिजन होती त्याची?

न्यूजर्सीकर
काल रात्री दोघी लॅपटॉप घेऊन बसलो. एका थ्रीच्या कॉन्फरन्समध्ये ती अकरावी येते, आणि तिथल्या दोघी फ्रीवाल्या यंदा बाहेर पडतायत. रिक्रूटिंगवाल्यांच्या यादीतल्या डिव्हिजन वनच्या निकालात तिची वेळ शेवटच्या नंबरच्याही खाली. ती बराच वेळ गप्प होती, कपाळावर कॅपचा वळ तसाच. मग स्वतःच त्या थ्रीच्या कोचना ईमेल लिहिली, मला फक्त स्पेलिंग विचारलं. ३००० डॉलर देत नाहीये.
आता एकच: ॲडमिशनचं प्री-रीड (अर्जाआधीच कागदपत्रं पाहून कॉलेज प्रवेशाचा अंदाज देतं ते) जुलैत असतं असं वाचलं. ऑगस्ट लागला, उशीर झाला का?

ओहायोवासी
नाही, बरेच कोच ऑगस्टमध्येही प्री-रीडला कागदपत्रं पाठवतात. अकरावीची ट्रान्सक्रिप्ट आणि बारावीचे विषय आजच पाठवा, कोच आधी तेच मागतील. वेळ यार्डातली आहे हेही लिहा.