ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचा उपयोग काय? ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

निर्मळकर:
स्पष्टवक्ता काल लिहून गेले: “ख्रिस्ती-मुस्लिम संवाद म्हणजे फादर आणि मौलानांचा एकत्र फोटो. येशू क्रूसावर मेला हेच मौलानांना मान्य नाही, मग बोलायचं कशावर?” वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्रैक्यावर, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर, एकमत व्हावं म्हणून कोणी बसत नाही हो. २०१३ च्या डिसेंबरात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बांगी शहर ख्रिस्ती-मुस्लिम हिंसेत पेटलं, तेव्हा तिथले इमाम कोबिने लायामा आर्चबिशप न्झापालाइंगांच्या घरी आसऱ्याला गेले आणि काही महिने तिथेच राहिले. आधीपासून एकत्र काम करत होते म्हणून ते दार उघडं होतं.

मी अबू धाबीत अकरा वर्षं काढली. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, म्हणून चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारीच. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा रमजान चालू होता. कंपनीने रजा दिली नाही. खोलीतल्या राजापूरच्या भाईने रोजा सोडायला घेतलेला खजूर माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, “तुमच्यात वडिलांसाठी काय म्हणतात? म्हण, मी बसतो.” मी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हटली. तो शेवटपर्यंत मांडी घालून बसून होता.

स्पष्टवक्ता:
वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण ही मैत्री झाली. त्या भाईला कुठल्या परिषदेने पाठवलं नव्हतं. मी बोलतोय ठरावांबद्दल. पाकिस्तानातली ख्रिस्ती बाई आसिया बीबी शेतात पाणी प्यायली, त्यावरून भांडण झालं, ईशनिंदेच्या आरोपाखाली २०१० मध्ये फाशी सुनावली, सुटका २०१८ मध्ये. तिची बाजू घेतली म्हणून २०११ मध्ये पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर आणि ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी दोघेही मारले गेले. तेव्हा तुमचा संवाद कुठे होता?

खाडीपल्याड:
तासीर मुसलमान होते, हे लिहायचं राहिलं तुमचं. आसियाला निर्दोष सोडणारे न्यायाधीशही मुसलमानच.

अगस्ती:
इतिहास बघा. १५८० मध्ये गोव्याहून अक्वाविवा आणि मोन्सेरात हे जेझुइट पाद्री अकबराकडे फतेहपूर सिक्रीला गेले. इबादतखान्यात, म्हणजे अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनात, मुल्लांशी वाद रंगले, पण पाद्र्यांचा डोळा अकबराच्या बाप्तिस्म्यावर होता. अकबर काही बाटला नाही. माझं मत, दोन्ही समाजांनी आधी मराठीत बोलायला लागावं, संवाद आपोआप होईल.

खाडीपल्याड:
“आधी मराठीत बोलायला लागावं”?? दाभोळला माझ्या आजीला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. ती नातवंडांना कोकणीत रागवायची आणि कोकणीतच दुवा द्यायची. मागच्या महिन्यात बँकेत मी मराठीत फॉर्म भरत होते. काउंटरवरच्या बाईंनी नाव वाचलं आणि लगेच हिंदी सुरू केलं. मी तीनदा मराठीत उत्तर दिलं, तरी त्या हिंदीतच. आम्ही कोणत्या भाषेत बोलायचं ते तुम्हीच ठरवून टाकता.

भुईगावची:
अगदी! मला मुलीच्या शाळेत विचारतात, “घरी इंग्लिशच ना?” घरी आम्ही कादोडी, वसईकडची मराठी बोली, बोलतो. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत. अजून किती दाखले द्यायचे?

अगस्ती:
मी सरसकट म्हणालो नव्हतो.

भुईगावची:
“दोन्ही समाजांनी” म्हणजे सरसकटच.

अगस्ती:
बरं, ते वाक्य चुकलं. मागे घेतो. अकबराचा मुद्दा मात्र घेणार नाही.

निर्मळकर:
मंडळी, धागा संवादाचा आहे, भाषेचा नाही.

खाडीपल्याड:
भाऊ, आमच्यासाठी तो हाच आहे. तुमच्या परिषदांत बायका कधी बोलावल्या जातात? चर्चमधल्या एका बैठकीला गेले होते, तिथे मला फक्त शीरखुर्म्याची कृती विचारली. सुरा मरियमबद्दल, कुराणातल्या येशूच्या आईच्या नावाच्या अध्यायाबद्दल, बोलायचं मनात ठरवून गेले होते.

स्पष्टवक्ता:
म्हणजे बैठका पोकळ असतात हे तुम्हीही मानता. आता हे ऐका. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या चर्चबाहेर बॉम्ब फुटला, पोप बेनेडिक्ट ख्रिश्चनांच्या संरक्षणाबद्दल बोलले, तर २०११ मध्ये कैरोच्या अल-अजहर या मोठ्या सुन्नी विद्यापीठाने व्हॅटिकनशी बोलणंच थांबवलं. दुखरी गोष्ट काढली की तुटतो, तो संवाद कसला?

खाडीपल्याड:
थांबवलं ते चूकच होतं, मी झाकणार नाही. पण याच पोपच्या २००६ च्या जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या भाषणात इस्लामबद्दल जे आलं त्यावर जग पेटलं होतं, तेव्हा पुढच्या वर्षी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मनेत्यांना पत्र लिहिलं: देवावर प्रेम, शेजाऱ्यावर प्रेम, यावर तरी बोलू. आणि अल-अजहरचे इमाम २०१६ मध्ये व्हॅटिकनला गेलेच की. पोकळ बैठका नकोत म्हणजे बैठकाच नकोत, असं मी म्हटलेलं नाही.

स्पष्टवक्ता:
पत्राचं मान्य. बांगीचंही मान्य, नाइलाजाने. पाकिस्तानचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

निर्मळकर:
माझ्याकडेही नाही.

स्पष्टवक्ता:
तो राजापूरचा भाई हल्ली कुठे असतो?

निर्मळकर:
गावी. गेल्या पावसाळ्यात त्याची आई गेली, रात्रीच्या गाडीने पोचलो. कबरीत तीन मुठी माती टाकली. काय म्हणायचं ते येत नव्हतं, त्याला विचारलं. त्याने हळूहळू सांगितलं, मी त्याच्यामागे म्हणत गेलो.