एका रोपाची अनेक रोपे करताना आलेले अनुभव

रानजाई
गेल्या रविवारी भुसावळचे आमचे जुने घर आवरताना मागच्या अंगणात स्नेक प्लांटची बादली दिसली. आतल्या गड्ड्यांनी ती एका बाजूने फुगवून उभी चिरली होती आणि त्या चिरेतून बोटाएवढा नारिंगी कोंब बाहेर आला होता. आई दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी ते रोप उपसून, विळीवर गड्डा कापून शेजारी वाटत असे. ती गेल्यापासून नऊ वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. मी बादली कापली, माती झाडली आणि प्रत्येकाकडे पानांचा एक झुबका व थोडी मुळे राहतील असे सात भाग केले. कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकवली, मग वाळू मिसळलेल्या मातीत ते लावले. आपण कोणती रोपे अशी वाढवलीत आणि कुठे चुकलात, ते कृपया लिहावे.

ओली माती
आपण गड्डा विभागलात हे फार योग्य केलेत. मी पिवळ्या कडेचे एक पान कापून त्याचे चार-चार बोटांचे तुकडे लावले होते. तीन महिन्यांनी कोंब आले, परंतु सगळे निव्वळ हिरवे. त्या पानात दोन निराळ्या प्रकारच्या पेशींचे थर असतात आणि कापावर फुटणारा नवा कोंब हिरव्या पेशींपासून तयार होतो, त्यामुळे कड टिकवायची असेल तर गड्डाच विभागावा लागतो, हे मला नंतर समजले. शिवाय दोन तुकडे मी उलटे खोचले होते, त्यांना मुळे फुटलीच नाहीत. आता कापतानाच खालच्या टोकाला खाच पाडते.

रानजाई
ताई, आईच्या रोपालाही पिवळी कड आहे. तुटलेली पाने लावायला बाजूला ठेवली होती. त्यांची रोपे हिरवी होतील हे आधीच कळले, ते बरे झाले.

सातारकर
मनी प्लांटबद्दल लिहितो. सुरुवातीला मी नुसती देठासह पाने पाण्यात ठेवली. ती चार महिने टवटवीत राहिली, एकाला मुळेही आली, पण नवा कोंब काही आला नाही, कारण कोंब पेरावरच्या डोळ्यातून फुटतो आणि माझ्याकडे पेरच नव्हते. आता पेराच्या खाली दोन बोटे सोडून कापतो आणि पेर पाण्यात बुडेल असे ठेवतो. दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात.
पाण्याबाबत मात्र कळकळीची विनंती आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हा तपासणीला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने आमच्या खिडकीतली बाटली उजेडात धरली आणि आतल्या वळवळणाऱ्या अळ्या आईला दाखवल्या. तेव्हापासून दर रविवारी मी पाणी ओततो, बाटली आतून घासतो आणि मगच नवे पाणी भरतो, कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

अबोली
दादा, हे वाचून आत्ताच उठून तिन्ही बाटल्या रिकाम्या केल्या. मनापासून आभार.

मांडवीकाठ
आम्ही गोव्यात राहतो. कोरफडीची चार पिल्ले भर जुलैत काढून त्याच दिवशी ओल्या मातीत लावली आणि आठ दिवसांत चारही बुडाशी कुजली. आता पाऊस ओसरल्यावरच काढते, जखम सुकू देते आणि पहिला आठवडा पाणी घालत नाही.

चाफेकळी
झेडझेड प्लांटसाठी (जाड, चकचकीत पानांचे घरात ठेवायचे रोप) धीर फार लागतो. जूनमध्ये दांडीवरची एकेक पानोळी, म्हणजे छोटे सुटे पान, कोकोपीटमध्ये उभी खोचली. दिवाळीत एक हलकेच उपसून पाहिली, तर देठाशी हरभऱ्याएवढा गड्डा धरला होता. कोंब मात्र पुढच्या उन्हाळ्यात वर आला. मधल्या काळात पान पिवळे पडले तरी गड्डा जिवंत असतो, त्यामुळे कुंडी रिकामी करण्याची घाई करू नये. मी तशा दोन कुंड्या उकिरड्यावर ओतल्या आणि त्याचे आजही वाईट वाटते.

अबोली
माझा स्पायडर प्लांट गेल्या मे महिन्यात आम्ही गावी असताना वाळून गेला. सासूबाईंनी लावलेला होता, म्हणून जीव हळहळला. पण त्याच्या लोंबत्या दांडीवरचे एक पिल्लू आदल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिले होते. त्यांच्या कुंडीला आता सहा दांड्या आल्या आहेत. काल त्यांनी त्यातले मुळे फुटलेले एक पिल्लू ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिले.

रानजाई
अबोली, हे वाचून माझे ठरले. सातांपैकी दोन भाग भुसावळच्याच शेजारच्या काकूंकडे ठेवून येते. पुण्याच्या घरात ऊन फक्त सकाळी तासभर येते. तेवढे पुरेल का, हे कोणी सांगू शकेल काय?

ओली माती
पुरेल. फक्त कमी उजेडात पाणी आणखी कमी घालावे. माती बोटभर खोल कोरडी लागली, तरच.